वशिंडापलीकडे हरवलेली विमाने



बैलाचे वशिंड कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. मानेवर जू ठेवले की ते वशिंडाला जाऊन अडते आणि मग गाडीचा सारा भार तिथे येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांनी एका अवघड डोंगररांगेला नेमके हेच नाव दिले होते. त्यांच्या भाषेत 'हंप', म्हणजे आपले वशिंड. हिमालयाचे पूर्वेकडचे टोक, त्याला लागून ब्रह्मदेशाच्या उत्तरेचे डोंगर, आणि पलीकडे चीनमधले कुनमिंग शहर. आसामातल्या चाबुआ, दिंजान अशा विमानतळांवरून निघायचे, हे वशिंड ओलांडायचे आणि कुनमिंगला उतरायचे. अंतर काही फार नाही, आठशे किलोमीटरच्या आसपास. पण या आठशे किलोमीटरांत सहाशेच्या आसपास विमाने पडली, आणि तेराशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली.

ही माणसे युद्धात गेली, पण शत्रूची गोळी लागून गेलेली त्यांत थोडी. बहुतेकांना डोंगराने, ढगाने आणि बर्फाने नेले. म्हणूनच की काय, त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला नाही. आज तुम्हाला सांगायचे आहे ते असे, की इतक्या वर्षांनी जंगलात सापडलेल्या पत्र्याच्या तुकड्यावरून 'हे विमान कोणते आणि यात कोण होते' हे शोधून काढतात तरी कसे.

आधी ही विमाने त्या वाटेने का जात होती ते पाहू. जपानने १९४२ च्या मार्चमध्ये रंगून घेतले आणि एप्रिल संपता संपता लाशिओ घेतले. लाशिओपासून चीनमध्ये जाणारा रस्ता हाच चीनला बाहेरून माल मिळण्याचा मार्ग होता. तो तुटला. चीन जपानशी लढत होता, त्याला पेट्रोल, दारूगोळा, औषधे, ट्रकचे सुटे भाग, सगळेच पाहिजे होते. मग ठरले की हा माल आकाशातून न्यायचा. १९४२ पासून १९४५ पर्यंत हे काम चालले आणि या काळात साडेसहा लाख टनांच्या आसपास माल विमानांनी डोंगरापलीकडे टाकला. त्यासाठी आसामात चहाच्या मळ्यांलगत धावपट्ट्या झाल्या. त्या बांधायला मळ्यांतले मजूर लावले होते. बायाबापड्यांनी डोक्यावरून खडी वाहून त्या धावपट्ट्या केल्या. त्यांतल्या किती जणी तापाने गेल्या, त्यांची नावे कोणी वेगळी लिहून ठेवली नाहीत. विषय निघालाच आहे म्हणून हे सांगून टाकले.

वाट अवघड का होती? डोंगर चौदा-पंधरा हजार फुटांचे, काही त्याहून उंच. त्या काळची मालवाहू विमाने भरल्या पोटी जेमतेम तेवढी उंची गाठत. पावसाळ्यात ढग इतके दाट की स्वतःच्या विमानाचे पंखाचे टोक दिसू नये. हिवाळ्यात पंखांवर बर्फ धरायचा. पंखावर बर्फ बसला की त्याचा घाट बदलतो, वजन वाढते आणि विमान खाली बसू लागते. शिवाय त्या मुलखाचे नकाशे धड नव्हते. एखादा डोंगर नकाशात लिहिलेल्या उंचीपेक्षा हजार-दोन हजार फुटांनी उंच निघायचा, आणि हे ज्याला कळायचे तो सांगायला परत येत नसे.

आता एका विमानाची गोष्ट घेऊ, म्हणजे शोधाची रीत नीट ध्यानात येईल.

कुनमिंगला बी-२४ जातीची चार इंजिनांची मोठी बॉम्बफेकी विमाने होती. गंमत अशी, की या विमानांना चीनमध्ये बसून लढायला जे पेट्रोल आणि बॉम्ब लागत, ते त्यांनाच आसामातून वाहून आणावे लागत. घोड्याने आपला चंदी-चारा आपणच चार कोसांवरून पाठीवर आणावा आणि मग लढाईला जावे, तसे झाले. एका स्वारीसाठी अशा कितीतरी खेपा. २५ जानेवारी १९४४ रोजी अशाच एका खेपेसाठी कुनमिंगहून एक बी-२४ चाबुआकडे निघाले. सैनिक लोक आपल्या विमानांना हौसेने नावे देत आणि ती नाकाडावर रंगवीत. या विमानाचे नाव होते 'हॉट ॲज हेल', म्हणजे नरकासारखे तप्त. त्यात आठ माणसे होती. हवा त्या दिवशी फार वाईट होती. त्याच दिवशी त्या वाटेवर आणखीही विमाने गेली. हे विमान चाबुआला पोचले नाही.

वरून शोध झाला, काही दिसले नाही. त्या भागातले अरण्य असे की झाडांची छत्री विमान गिळते आणि वरचे पान हलत नाही. घरी तार गेली : 'बेपत्ता'. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बारा महिने काही खबर लागली नाही, तर माणसाला मृत धरता येत असे. म्हणजे कागदावर प्रश्न सुटला. पण ज्या घरी मुलाचे काही हाती आलेच नाही, त्या घरची आई दाराकडे बघायचे सोडते का? आपल्याकडे असे घर तुम्ही पाहिले असेल. कुंकू पुसावे की ठेवावे, दिवस करावे की न करावे, याचा निकाल कोणी द्यायचा?

युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराची एक खास शाखा ब्रह्मदेशात आणि आसामच्या डोंगरांत फिरली. काही प्रेते सापडली, ती आधी बराकपूरसारख्या ठिकाणी पुरली आणि पुढे नेली. पण त्या काळी सियांग, लोहित, दिबांग नद्यांच्या वरच्या अंगाला जाणे म्हणजे दोर बांधून उतरणे-चढणे होते. बरेचसे विमानपात तसेच राहून गेले.

एक मात्र लक्षात घ्या. विमाने जगाला सापडली नाहीत याचा अर्थ ती कोणालाच ठाऊक नव्हती असा नाही. अरुणाचलातल्या आदी आणि मिश्मी लोकांना ती ठाऊक होती. शिकारीला आत आत गेलेल्या माणसाला चकाकणारा पत्रा दिसला, त्याने घरी येऊन सांगितले, मुलाने बापाकडून ऐकले. कुठे कुठे त्या ॲल्युमिनियमची भांडी झाली, लोखंडाचे दाव झाले. दाव म्हणजे त्यांचा कोयता. आता कोणी म्हणेल, हे बरे केले नाही. पण रानात पडलेला धातू वापरात आणणे हा काही गुन्हा नव्हे, आणि त्या पत्र्यामागे अमेरिकेतले एक घर वाट पाहत बसले आहे हे त्यांना कोण सांगायला गेले होते? उलट, त्या काळी जे वैमानिक छत्रीने खाली उतरून जिवंत राहिले, त्यांतल्या कितीकांना डोंगरातल्या लोकांनीच घरात घेतले, खाऊ घातले आणि वाटेला लावले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये एरिक सेव्हराइड नावाचा अमेरिकन वार्ताहर आणि त्याचे सोबती नागा टेकड्यांत असेच उतरले होते, आणि नागांच्या गावातून सुखरूप परत आले. या वाटेवर विमान सोडून उडी घेतलेले हजाराहून अधिक लोक अशा रीतीने परतले.

तर शोधाची पहिली पायरी ही : त्या मुलखातल्या माणसाला विचारायचे. क्लेटन कुल्स नावाचे ॲरिझोनातले एक गिर्यारोहक आहेत. ते सरकारी माणूस नव्हेत. २००२ साली ब्रह्मदेशात हिंडत असताना त्यांच्या कानावर एका पडलेल्या विमानाची गोष्ट आली. ते पाहायला गेले आणि मग त्यांना तोच छंद लागला. गावात जायचे, म्हाताऱ्या शिकाऱ्यांना बसवून ऐकायचे, त्यांनाच वाटाड्या घ्यायचे आणि दिवसचे दिवस चालायचे. अशाच एका खेपेला २००६ च्या डिसेंबरात अरुणाचलच्या अप्पर सियांग भागात, दामरोह गावापासून आतल्या डोंगरात त्यांना एका मोठ्या विमानाचे अवशेष दाखवण्यात आले.

दुसरी पायरी ओळखीची. पत्र्यांचा ढीग पाहून विमान कसे ओळखायचे? आधी इंजिने मोजायची. दोन असतील तर ते सी-४७ किंवा सी-४६ जातीचे मालवाहू. चार असतील तर बी-२४ च्या कुळातले. पण इथे एक मेख आहे. बी-२४ याच सांगाड्यावर सी-८७ नावाचे मालवाहू आणि सी-१०९ नावाचे पेट्रोलवाहू विमान केलेले होते. तिन्ही सख्खी भावंडे, एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. मग बघायचे की मशीनगनी आहेत का. त्या असल्या तर बॉम्बफेकी असण्याचा संभव मोठा. तेवढ्यावरही भागत नाही, कारण बॉम्बफेकी विमानेही अनेक पडली.

मग शोधायचा तो आकडा. प्रत्येक विमानाला, प्रत्येक इंजिनाला, प्रत्येक मशीनगनीला स्वतःचा नंबर असे. बैलगाडीला असतो तसा बिल्ला नव्हे. इंजिनावर धातूची छोटी पट्टी ठोकलेली आणि तीत आकडे दाबलेले. रंग उडतो, कापड कुजते, पण दाबलेला आकडा ऐंशी वर्षांनीही बोटाला लागतो. 'हॉट ॲज हेल' या विमानाचा नंबर ४२-७३३०८. यातले ४२ म्हणजे १९४२ साल, ज्या सालच्या अंदाजपत्रकातून विमानाची मागणी नोंदवली ते. शेपटीवर रंगवताना पहिला चार गाळून २७३३०८ असे लिहीत. हे ज्याला माहीत नाही तो शेपटीवरचा आकडा कागदात शोधत बसेल आणि त्याला तो सापडणार नाही.

तिसरी पायरी कागदाची. १९४३ च्या मध्यापासून अमेरिकन हवाई दलाने एक शिस्त घातली. विमान परतले नाही की तुकडीने ठराविक नमुन्याचा अहवाल भरून पाठवायचा. असे सोळा हजारांवर अहवाल जपून ठेवलेले आहेत. त्यात विमान कुठून निघाले, कुठे चालले होते, शेवटचे कोणी पाहिले, हवा कशी होती, हे तर असेच. पण विमानाचा, चारही इंजिनांचा आणि मशीनगनींचा नंबर असे, आणि खाली माणसांची नावे, हुद्दे व घरच्यांचे पत्ते. युद्धाच्या धामधुमीत कोण्या कारकुनाने टंकयंत्रावर हे आकडे बडवले असतील. कंटाळाही आला असेल बिचाऱ्याला. पण जंगलातली पट्टी आणि त्याचा कागद शेजारी शेजारी ठेवले की विमानाला नाव मिळते आणि नावामागून माणसे येतात. दामरोहचे अवशेष असेच कागदाशी ताडून पाहिले. ते 'हॉट ॲज हेल' निघाले.

इथे मला शिक्षक मंडळींना एक सांगावेसे वाटते. अशा ठिकाणी मुलांना घेऊन जाण्याचा प्रसंग आपल्याकडे येणार नाही, पण तत्त्व ध्यानात राहू द्या : काही उचलायचे नाही. एखादा तुकडा कुठे पडला होता, कशाच्या खाली होता, हीच खरी माहिती असते. तो खिशात घातला की ती गेली. शिवाय ती जागा म्हणजे माणसांचे अंत्यस्थान असते, आणि दारूगोळा कधी कधी जिवंत असतो.

विमान ओळखले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. २००६ साली अवशेष दिसले, आणि नीट खोदायला २०१५ उजाडले. मधली वर्षे परवानग्यांत गेली. अरुणाचल सीमेवरचे राज्य, चीन त्यावर हक्क सांगतो, तिथे परदेशी लष्कराची माणसे खोदायला येणार म्हटल्यावर दिल्लीला दहा गोष्टींचा विचार करावा लागतो. त्या विमानाचा वाटाड्या अधिकारी, ज्याला नॅव्हिगेटर म्हणतात, त्याचा पुतण्या इकडे पत्रांवर पत्रे लिहीत होता. त्याने इतर घरे शोधून काढली, त्यांना एकत्र केले, दोन्ही सरकारांच्या मागे लागला. काकाला त्याने कधी पाहिलेले नव्हते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात डोंगर चढण्यापेक्षा ही चिकाटी अवघड.

अखेर २०१५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अमेरिकन लष्कराचे, बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारे पथक दामरोहच्या डोंगरात राहिले. ही मंडळी काम कसे करतात? जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन आखतात. एकेका चौकोनातली माती कुदळीने नव्हे, लहान थापीने थर थर काढतात आणि पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळतात. आपल्याकडे बाया गहू चाळून खडा वेचतात, त्याच मनाने ही माणसे माती चाळून बटण, बुटाची कडी, दात, हाडाचा कण वेचतात. पुष्कळदा नशीब असेल तर गळ्यातली पट्टी मिळते. अमेरिकन सैनिकाच्या गळ्यात धातूच्या दोन पट्ट्या असत. त्यांवर नाव, सैनिक क्रमांक, रक्तगट आणि धर्माचे एक अक्षर कोरलेले.

जे सापडले ते २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत रीतसर मानवंदना देऊन अमेरिकेकडे रवाना झाले. तिथे प्रयोगशाळेत हाडांची परीक्षा झाली.

ही परीक्षा समजून घेण्यासारखी आहे. जुन्या, भिजलेल्या हाडात पूर्ण वंशद्रव्य टिकलेले नसते. पण पेशीत एक निराळे लहानसे वंशद्रव्य असते, त्याच्या प्रती पुष्कळ असतात, म्हणून त्यातले काहीतरी उरते. हे द्रव्य फक्त आईकडून येते. आईकडून मुलगा-मुलगी दोघांना मिळते, पण पुढच्या पिढीला देते ती मुलगीच. आता हिशेब करा. हरवलेल्या सैनिकाच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, याच्यात ते असते. भावाचा मुलगा, म्हणजे पुतण्या, याच्यात ते नसते. त्याला त्याच्या आईचे मिळालेले असते. मावशीच्या मुलीच्या मुलीत असते, आत्याच्या घरी नसते. म्हणून हाडाशी जुळवून पाहायला योग्य नातेवाईक शोधावा लागतो, आणि सत्तर वर्षांनी असा नातेवाईक शोधायचा म्हणजे वंशावळ लिहिणाऱ्यांचे काम येते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वंशद्रव्याचीही परीक्षा असते, तिथे पुतण्या चालतो. पण जुन्या हाडात ते टिकेल याचा भरवसा कमी. आपल्या गुरुजींनी वर्गात फळ्यावर हे घराणे काढून दाखवावे. आत्या-मामा-मावशी असे स्वच्छ वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत, त्यामुळे मुलांना चटकन कळते. इंग्रजीत शिकवणाऱ्याची इथे पंचाईत होते.

या परीक्षेतून आणि इतर पुराव्यांतून ओळख पटली ती फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची. विमानातून बॉम्ब सोडण्याचे काम त्यांच्याकडे असे. वय चोवीस. २०१७ च्या जूनमध्ये जॉर्जिया राज्यातल्या कॉन्कॉर्ड या त्यांच्या लहानशा गावी त्यांना मूठमाती मिळाली. जाऊन त्र्याहत्तर वर्षे झाली होती. आईवडील केव्हाच गेलेले. बेपत्ता अमेरिकन सैनिकांची नावे फिलिपाइन्समधल्या मनिला येथील समाधिस्थळी दगडी भिंतींवर कोरली आहेत, छत्तीस हजारांहून अधिक. त्यातला कोणी सापडला की त्याच्या नावाशेजारी धातूचे एक लहान फूल बसवतात. एका विमानातल्या आठ जणांत एका नावाला फूल मिळवायला काय काय लागले ते तुम्ही पाहिलेच.

अरुणाचलात पासिघाट येथे या वशिंडावरच्या उड्डाणांचे संग्रहालय २०२३ साली उघडले. त्यात विमानांचे सापडलेले भाग ठेवले आहेत. त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे विमान, अरुणाचलचा डोंगर, आमच्या गावाशी याचा काय संबंध? संबंध आहे. 'हॉट ॲज हेल' पडल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९४४ मध्ये, मणिपुरात सांगशाक या ठिकाणी जपान्यांशी मोठी चकमक झाली. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरे. ब्रह्मदेशच्या त्या साऱ्या मोहिमेत ज्यांचा पत्ता लागला नाही, अशा सुमारे सत्तावीस हजार सैनिकांची नावे रंगूनजवळ तौक्यान येथल्या स्मारकावर आहेत, आणि त्यात हिंदी सैनिक पुष्कळ आहेत. कोहिमाला दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचे वेगळे स्मारक आहे. घरच्यांपैकी किती जण तिथवर गेले असतील?

त्याआधीच्या, पहिल्या महायुद्धाची खूण तर आपल्या कितीतरी गावांत भिंतीत बसवलेली आहे. चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या लढाईस गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एका गावी मी ती पाटी चुन्याखाली दबलेली पाहिली. पोरांनी खरवडून आकडा वाचून दाखवला. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात.

ही नावे काढता येतात. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ही संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद ठेवते, आणि ती नोंदवही आता संगणकावर किंवा फोनवरही कोणालाही फुकट पाहता येते. हिंदी सैनिकाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हा लिहिलेला असतो. फक्त एक सावधगिरी हवी. लिहिणारा कारकून गोरा नाहीतर पंजाबी, सांगणारा मराठी. त्यामुळे जाधवांचा 'जादो' होतो, शिंद्यांचा 'सिंदे' होतो, आणि गावाच्या नावाचे तर विचारू नका. एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगे करून शोधावे. गाव सापडले नाही तर तालुका घालून पाहावा. मग पलटणीचा नंबर घेऊन जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे, गावच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याला विचारावे, शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर काढावे.

पण सगळ्यात आधी त्या घरी जावे, जिथे भिंतीवर फेटा बांधलेल्या शिपायाचा फोटो आहे. म्हातारीला बोलू द्यावे, मधे मधे तोडू नये. आणि परवानगी घेऊन फोटो खाली उतरवला, तर त्याची मागची बाजू पाहायला विसरू नका. पलटणीचा नंबर, गाव, तारीख असे काहीतरी तिथे पेन्सिलीने लिहिलेले असायचा संभव असतो.